फाट्यावरून वळणारी बस

“अण्णा, थांब! फाटा अडवलाय!”

मी शिट्टी मारायच्या आत प्रभुअण्णानं ब्रेक दाबला. समोर अख्खं गाव उभं! हलगी, केळीचे खांब, हातात कोहळा, आणि सगळ्यांच्या पुढं म्हातारे अंकुशराव.

“मेलो, अक्का,” अण्णा पुटपुटला. “तक्रार करायला आलेत.”

भीती काही खोटी नव्हती. मी उमादेवी, या बसची कंडक्टर. मला सगळं ठाऊक. बस गावात जायला हवी, पण अण्णा वर्षभर फाट्यावरूनच वळवायचा. रस्ता खराब आहे, असं सांगायचा. रस्ता वाईट होता, पण इतकाही नव्हता. मी टोकलं की उत्तर ठरलेलं, “कोन बघायलंय?” एके काळी हाच माणूस रोज सकाळी रुमालानं बस पुसायचा. डेपोत कुणी कधी ‘बरं केलंस’ म्हटलं नाही आणि हळूहळू त्याचं मन उडालं. आज डेपोतल्या खंडेपूजेलाही झेंडूचे हार नव्या गाड्यांना, आमच्या खटाऱ्याला नुसतं कुंकवाचं बोट. स्वारी सकाळपासून घुश्शातच होती.

अंकुशराव खिडकीशी आले. “अण्णा, तुमी म्हनलात रस्ता खराब हाय. आमी ट्रॅक्टर लावून मुरूम टाकलाव. आता चला गावात, गाडीची पूजा करायचीय.”

अण्णाचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याची थाप खरी मानून या लोकांनी रस्त्यातले खड्डे बुजवले होते! मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

मग काय तो थाट! पुढं हलगी, मागं आमची बस. गावातल्या वच्छलाबाईंनी स्टेअरिंगला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. त्यांची सून शिवकन्या दारातून बघत होती. तिला आठवा महिना होता. आळंदच्या दवाखान्यात तपासणीला जाताना तीही फाट्यापर्यंत पायीच यायची.

“परवा हिला तपासायला न्यायचंय,” वच्छलाबाई म्हणाल्या. “आता दारातनंच बसंल. व्हय न्हवं, अण्णा?”

“व्हय, माय,” अण्णा म्हणाला.

कोहळा फुटला, लिंबं चिरडली, आणि अण्णानं असा हॉर्न वाजवला की गल्लीतली कुत्री पळाली. मीही शिट्टी फुंकत सुटले. इतका आनंद मला या नोकरीत कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दसरा, आमची सुटी होती. तिसऱ्या दिवशी फाट्यावर आलो, तर तिथं चिटपाखरू नव्हतं. बस घराशी येणार म्हणून सगळे घरीच थांबले होते. मी मुद्दाम अण्णाचंच वाक्य त्याला ऐकवलं.

“कोन बघायलंय, अण्णा? वळवतोस का?”

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बस मुरमावर घातली.

शिवकन्या दारात पिशवी घेऊन उभी होती. अण्णा खाली उतरला. खांद्यावरचा रुमाल काढून त्यानं बसची पायरी पुसली.

“सावकाश चढ, माय,” तो म्हणाला.