तोंड मिटलेलं चित्र

मोठ्या दुखण्यातून उठल्यावर काकूंनी नवऱ्याला बजावलं, "मी गेल्यावर ती बोंब मारणारी बाई घरात लावायची नाही. माझं नीट चित्र काढा. तोंड मिटलेलं."

नवरा म्हणजे कॉम्रेड. अख्खं गाव त्यांना याच नावाने ओळखायचं, आणि ती बोंब मारणारी बाईही गावाने पाहिलेली. संपाच्या काळात कारखान्यांच्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर, फार काय, पोलीस चौकीच्या मागच्या दारावरसुद्धा कॉम्रेडांनी काढलेलं तिचं पोस्टर होतं. मूठ वर, तोंड उघडं. चित्रासाठी बाई आणायला पैसे कुठले? कॉम्रेड काकूंनाच स्टुलावर बसवायचे. हात अवघडू नये म्हणून वरची फळी धरायला सांगायचे. चिकटवायची खळ दुधाच्या पातेल्यात शिजायची. पाळण्यात लेक झोपलेली असायची, म्हणून काकू आवाज न करता ओरडायच्या. मग दोघांनाही हसू फुटायचं आणि पाळणा जागा व्हायचा. काय दिवस होते ते. खिशात दमडी नाही, पण रुबाब असा, की सरकार जणू उद्याच पडणार आहे.

आता कॉम्रेड कागद घेऊन बसले खरे, पण काही केल्या जमेना. ओठ मिटले की काकू कधी रुसलेल्या दिसायच्या, कधी झोपलेल्या. खोडून खोडून कागदाचा पार चोथा झाला. जन्मभर हजारो तोंडं काढली आणि घरचं एक तोंड येत नाही, याची त्यांना लाज वाटली. डॉक्टरांनी काकूंच्या हृदयाबद्दल जे सांगितलं होतं, तेही डोक्यातून जाईना.

शेवटी त्यांनी कबूल करून टाकलं. "तुझा गप्प चेहरा मला आठवतच नाही गं."

काकू भाजी निवडत होत्या. "कसा आठवेल? तुम्ही घरात असलात की माझी टकळी चालू. गप्प असायचे ती तुमची वाट बघताना. सभा झाल्या, मोर्चे झाले, तुरुंग झाला. मी आपली खिडकीशी."

यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते कॉम्रेडांना जास्त लागलं. मग त्यांनी कागद-पेन्सिल काखेत मारली आणि चपला पायात सरकवल्या.

"आता कुठे निघालात?"

"समोरच्या फुटपाथवर. तू खिडकीशी बस. मी अजून घरी आलेलो नाही."