पंचवीस वजा

मी एक जुनी मोजफीत आहे. कॉलेजच्या मैदानाशेजारच्या सामानाच्या खोलीत, शर्यतीच्या मोडक्या अडथळ्यांच्या आणि हवा गेलेल्या चेंडूंच्या संगतीत माझे दिवस चालले आहेत. जाड कापडाची मी, माझ्यावर काळे-तांबडे आकडे, राहायला चामड्याची गोल डबी आणि गुंडाळायला पितळी मूठ. कारखान्यातून निघाले तेव्हा मी बरोबर तीस मीटर होते. आता वीतभर कमी आहे. मित्रांनो, त्या वीतभराचीच ही गोष्ट आहे.

मी इथे आले तेव्हा मैदान सांभाळणारे मामा नुकतेच कामाला लागले होते. सगळे त्यांना मामाच म्हणत. ते मला ओल्या जमिनीवर कधी टाकत नसत. गोळाफेक असली की माझे टोक गोळा पडल्याच्या खुणेवर धरायचे आणि फेकणाऱ्याच्या वर्तुळाच्या कडेशी आकडा वाचायचा, हा आमचा दोघांचा संसार. सकाळचे कोवळे ऊन, ओल्या चुन्याचा वास, वर्तुळाभोवती उभ्या मुली. ते दिवस आठवले की अजून मन भरून येते.

एके दिवशी माझे टोक गवत कापायच्या यंत्राखाली सापडले आणि चिंध्या झाले. मामांनी मला पंचविसाव्या सेंटीमीटरवर नीट कापले आणि तिथे पितळी कडी शिवली. नव्या फितीसाठी कार्यालयात अर्ज केला, तर उत्तर आले, चालतंय ना, मग चालवा. तेव्हापासून मामा आकडा वाचला की मोठ्याने म्हणत, ‘पंचवीस वजा’ आणि मगच खरे अंतर सांगत. मुली त्यांची नक्कल करत. डब्यातली पोळी कमी भरली तरी म्हणत, पंचवीस वजा!

त्याच वर्षी वार्षिक स्पर्धेच्या दिवशी मामा तापाने अंथरुणाला खिळले. त्यांच्या जागी ग्रंथालयातले कारकून आले. बिचारे पुस्तकांतले माणूस. माझ्यावर जे दिसले ते त्यांनी इमानाने लिहिले: बारा मीटर बेचाळीस. कॉलेजचा विक्रम झाला. आठवड्याने मामा परतले, तोवर पेंटरने भिंतीवरच्या पाटीवर आकडा रंगवलाही होता. मामांनी कारकुनांना विचारले, वजा केलेत ना? कारकून म्हणाले, काय वजा? मामा कार्यालयाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. ज्या मुलीने तो गोळा फेकला होता ती इतकी आनंदात होती, की त्यांना वाटले, वीतभराने कुणाचे काय बिघडणार? त्यांनी मूग गिळले. मीही गप्प राहिले. मला कुठे तोंड आहे?

ती मुलगी शिकली, नोकरीला लागली आणि काही वर्षांनी आमच्याच कॉलेजात क्रीडाशिक्षिका होऊन आली. आता सगळे तिला मॅडम म्हणू लागले. मॅडम मनाने चांगल्या, पण तोंडात एकच वाक्य: मी फेकला होता, तर तुम्हाला का जमू नये? संघात जायचे तर पाटीवरचा आकडा ओलांडायचा, हा त्यांचा नियम. अनेक वर्षे तो कुणालाच जमला नाही.

मग चिमणी आली. अंगाने धिप्पाड, म्हणून मैत्रिणींनी थट्टेने ठेवलेले नाव. पण आवाज मात्र खरेच चिमणीचा. गोळा पडला की वर्तुळातूनच चिवचिवायची, ‘मामा, किती?’ तिचे वडील शिंपी. त्यामुळे फितीला कसे वागवायचे हे तिला घरातूनच ठाऊक. सराव संपला की ती मला फडक्याने पुसून, पीळ काढून गुंडाळायची. इतके लाड माझे कुणीच केले नाहीत.

खेळाडूंसाठी राखीव जागेवर तिला वसतिगृहात खोली मिळाली होती. तिसऱ्या वर्षापर्यंत संघात आली नाही, तर खोली जाणार, आणि खोली गेली की शिक्षणही थांबणार, कारण घर दिवसभराच्या वाटेवर होते. दुसऱ्या वर्षीच्या स्पर्धेत तिने जीव ओतून गोळा फेकला. मामांनी वाचले, बारा पंचेचाळीस. मॅडमच्या खुणेपुढे दोन बोटे! मामांचा हात क्षणभर माझ्यावर तसाच थांबला. मग ते हळूच म्हणाले, ‘पंचवीस वजा. बारा वीस.’

मॅडमनी मान हलवली. चिमणी वर्तुळातच बसून रडली. काखेत कळसा होता, पण तो दाखवणारे दोघेही मुके. मित्रांनो, त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

सुट्टीनंतर ती व्यायामशाळेतल्या कुणाकडून तरी ताकद वाढवायची इंजेक्शने घेऊ लागली. हे आम्हाला मागाहून कळले. पण तिच्या बोटांची पकड बदलली होती, हे मला आधीच कळले. ती मला पुसेनाशी झाली, भराभर गुंडाळून डबी आपटायची. चेहऱ्यावर पुरळ आले. वडील भेटायला आले तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, पोरी, तीन महिन्यांत खांदा दोन इंच कसा वाढला? ती हसून दुसरेच बोलली. आणि एका सकाळी वर्तुळातून कुणीतरी घोगऱ्या आवाजात विचारले, ‘मामा, किती?’ मामांनी वळून पाहिले, तर ती चिमणीच होती.

मॅडमनाही तो आवाज ऐकू आला. पण त्यांनी काही विचारले नाही. विचारायचे नव्हते म्हणून विचारले नाही.

त्या वर्षी तिने बारा नव्वद फेकला. संघात गेली, पदकही आले. तीन आठवड्यांनी तपासणीचा निकाल आला. पदक गेले, दोन वर्षांची बंदी आली, खोली गेली. गुपचूप ट्रंक उचलून ती घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला मॅडमच्या टेबलावर ठेवले. म्हणाले, ‘मॅडम, तुमचा आकडा पंचवीसने जास्त आहे. मला पहिल्यापासून ठाऊक होतं.’

मॅडमनी माझी कडी ओढून पहिला आकडा वाचला: पंचवीस. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी बारा सतरा. आणि तिने बारा वीस फेकला, तेव्हा तिने काही घेतलं नव्हतं.’

पाटीवरचा आपला आकडा त्यांनी स्वतः खरवडून काढला. तिथे चिमणीचे नाव लिहिले, पुढे बारा वीस. तिच्या घरी पत्र पाठवले. तरी ती यायला दोन वर्षे लागली.

आली ती साध्या कपड्यांत, थोडी वाळलेली. पाटीवरचे आपले नाव वाचले. एव्हाना नवी स्टीलची टेप आली होती, पण तिने मलाच मागितले. गोळा उचलला, फेकला आणि तिथूनच विचारले, ‘मामा, किती?’

आवाज तोच, घोगरा. तो परत येणार नाही, असे डॉक्टरांनी तिला सांगितले आहे.

मामांना आकडा वाचायला वेळ लागला. ‘अकरा दहा,’ ते म्हणाले. ‘वजा करूनच सांगतोय.’

‘तेव्हाच सांगितलं असतंत तर, मामा?’

मामा मला गुंडाळू लागले. तिने मला त्यांच्या हातातून घेतले, खिशातून रुमाल काढला, मला पुसले, पीळ काढला आणि हळूहळू गुंडाळून डबीत ठेवले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझे दिवस झाले. पण एखाद्या आकड्यामागे जीव टाकून धावण्याआधी तो कुणी मोजला आणि कुठून मोजला, एवढे जरूर विचारा. आणि मोजणारे तुम्ही असाल, चूक तुम्हाला दिसली असेल, तर वीतभराचीच आहे म्हणून गिळू नका. त्याच दिवशी सांगा. आम्ही नाही सांगितले, आणि चिमणीचा आवाज गेला.