मला बॅटरी लागत नाही

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि मला बॅटरी लागत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण सगळा घात त्यावरूनच झाला.

माझं जन्मगाव जर्मनीतलं ड्रेस्डेन. महायुद्धाच्या अखेरीस बॉम्बहल्ल्यांत ते जळून गेलं. माझे स्क्रू पिळणाऱ्या हेल्गाबाई लहानपणी पडक्या भिंतींच्या विटा ठोकून साफ करायच्या आणि रचून ठेवायच्या. मग देशाची फाळणी झाली, आमचं शहर पूर्वेकडे गेलं. कारखाने उभे राहिले, नव्या इमारती आल्या. चौकातलं मोठं चर्च मात्र दगडांचा ढीग होऊन तसंच पडून राहिलं.

पुण्याचे नरेंद्र तिथे यंत्रांचं काम शिकायला आले आणि त्यांनी मला विकत घेतलं. त्या ढिगाचे त्यांनी कितीतरी फोटो काढले. पुढे दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि माझा कारखाना बंद पडला. हेल्गाबाई घरी बसल्या असतील. पण त्या ढिगातला एकेक दगड लोकांनी उचलला, मोजला, त्याचा नंबर लिहून ठेवला आणि चर्च पुन्हा बांधलं. पेपरातला फोटो बघून नरेंद्र बायकोला म्हणाले, "रेखा, काळे दिसतात ना, ते जुने दगड. बरोबर आपापल्या जागी बसवलेत बघ." मला फार अभिमान वाटला.

रेखाताई आजारी पडल्या तेव्हा नरेंद्रांनी त्यांचे अकरा फोटो काढले. खिडकीशी मटार सोलताना, मफलर गुंडाळून हसताना. मग त्या गेल्या. फिल्म अर्धीच राहिली, आणि ती धुवायला देण्याचं त्यांना धाडस होईना. त्यांनी माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली: 'आत रेखा आहे. उघडू नये.' मुलगा पुष्कर त्यांना जपानला, कावासाकीला घेऊन आला, तेव्हा मीही आलो आणि कपाटात गेलो. तिथे वर्षं गेली. मला कोणी हात लावला नाही.

आता पुष्करची बदली झाली. बिऱ्हाड सेंदाईला हलणार होतं. गेल्या आठवड्यात नरेंद्रांनी मला हातात घेतलं. "तिकडे गेलो की धुवायला देतो. आता बघवेल मला," ते म्हणाले. मित्रांनो, किती आनंद झाला म्हणून सांगू!

शनिवारी सकाळी ते दवाखान्यात गेले होते. सुनेने, अनघाने, बंद पडलेल्या वस्तूंच्या खोक्यात मला कव्हरसकट टाकलं आणि हाक मारली, "ईश्वरी, धातूचा कचरा वेगळा कर गं. बॅटरी काढायची, प्लास्टिक वेगळं. नाहीतर कचरा नेणारे लोक उचलत नाहीत."

नात ईश्वरी बारा वर्षांची, इथेच जन्मलेली, फार शहाणी मुलगी. मराठी बोलते, पण वाचता येत नाही. तिने कव्हर काढलं आणि चिठ्ठीवरून बोट फिरवलं. "नामाए काना," ती पुटपुटली. म्हणजे, नाव असेल कोणाचं तरी. नको, पोरी, नको! पण मला तोंड कुठे आहे?

तिने माझी पाठ उघडली. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, आणि न धुतलेल्या फिल्मवर उजेड पडला की त्यातले फोटो जातात. बॅटरी सापडेना, फिल्म सापडली. फिल्म म्हणजे प्लास्टिक. तिने ती सगळी ओढून काढली, नीट गुंडाळली आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. एकही नियम तिने मोडला नाही.

नरेंद्र आले. "आजोबा, याची देंची कुठे असते? बॅटरी? सापडतच नाहीये."

त्यांनी पिशवीतून फिल्म काढली आणि उजेडात धरली. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत गेले. मग खाली खोक्यावर बसले.

"काय होतं त्यात?"

"तुझी आजी."

"गोमेन नासाई, आजोबा, चुकलं माझं. मला ते वाचता..."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला मांडीवर घेतलं, तिचं बोट चिठ्ठीवर ठेवलं. "हा आ. हा त. वाच."

"आ... त. रे... खा..." एवढ्यावरच ती हमसून रडायला लागली.

मित्रांनो, माझ्या गावचे दगड परत जागेवर बसले, कारण त्यांचे नंबर वाचणारी माणसं होती. तुमच्या घरात चिठ्ठ्या लिहिणारे असतीलच. त्या वाचणारं कोण आहे, ते आजच बघा. उद्यावर टाकू नका, एवढंच हात जोडून सांगतो. माझ्या पाठीवरची चिठ्ठी अजून तशीच आहे. आत कोणी नाही.