भडगाव ते धुळे, सहा मिनिटं

भडगावात आजवर विमान उतरलेलं नाही. उतरवायचंच म्हटलं तर गिरणेच्या वाळूत उतरवावं लागेल. तरीही धुळ्याच्या वसतिगृहाच्या ऑफिसात योगराज नावाच्या क्लार्कने माझ्या अर्जावर खुशाल लिहिलं : भडगाव ते धुळे, छप्पन्न किलोमीटर.

"साठ किलोमीटरच्या आतल्या मुलींना खोली नाही," तो म्हणाला.

"पंचाहत्तर आहे सर. पारोळ्याला गाडी बदलावी लागते. आज आम्हाला अडीच तास लागले."

त्याने कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे फिरवली. कुठल्याशा वेबसाइटवर दोन्ही गावांमध्ये सरळ रेघ मारलेली होती. खाली लिहिलं होतं : हवाई अंतर छप्पन्न किलोमीटर, विमानाने लागणारा वेळ सहा मिनिटं.

माझं डोकंच फिरलं. खोली मिळाली नाही तर डिप्लोमा बुडाला, हे घरात ठरलेलं होतं. माझे अब्बा, अमीनभाई, भडगावात पंपाच्या जळालेल्या मोटरींना नवी तार भरून देतात. त्यांनी निघण्याआधीच बजावलं होतं : रोज पाच तास एसटीत नाही, आणि परक्या गावात भाड्याच्या खोलीत तर मुळीच नाही. आता ते माझ्या मागे उभे होते आणि, खोटं कशाला बोलू, त्यांचा चेहरा जरा सुटका झाल्यासारखा दिसला. मला क्लार्कपेक्षा त्या चेहऱ्याचाच जास्त राग आला.

"चल अरिबा," ते म्हणाले. "साडेतीनची गाडी मिळेल."

मी खुर्चीवरून उठलेच नाही. "सर, नकाराचं कारण लिहून द्या. मुलगी विमानाने सहा मिनिटांत घरी जाऊ शकते, म्हणून खोली नाकारली. खाली सही आणि शिक्का."

"असं कसं लिहू? वरचे साहेब हसतील मला!"

"लिहायला लाज वाटते, आणि त्याच्यावर माझं वर्ष बुडवायला वाटत नाही?"

"चल म्हणतोय ना," अब्बांचा आवाज चढला.

"तुम्ही जा अब्बा. मी लिहून घेतल्याशिवाय हलणार नाही."

सतरा वर्षांत मी त्यांना चारचौघांत कधी नाही म्हटलं नव्हतं. पण बसले ते बसलेच.

"काय कटकट शे!" योगराजने फाइल आपटली. "भाऊ, समजावा हिला. पोरीच्या जातीने एवढं तोंड चालवू नये."

तिथंच तो चुकला. मला रागवायचा मक्ता अब्बांचा. त्यात दुसऱ्या कुणी तोंड घातलेलं त्यांना खपत नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बाजूची खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले.

"ती बरोबर मागतेय. लिहा."

"अहो, तुमची गाडी जाईल ना!"

"जाऊ द्या. सहा मिनिटांचा तर रस्ता आहे."

योगराजने कारण लिहायला पेन कागदावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. शेवटी त्याने छप्पन्न खोडलं, वर पंचाहत्तर लिहिलं आणि धाडकन शिक्का मारला.

"तुमनी पोर बठ्ठास्ले, सगळ्यांनाच भारी शे, भाऊ."

"शे," अब्बा म्हणाले, आणि पालकाची सही करायला त्याच्याच हातातलं पेन मागितलं.