देवघरावरचं भोक

केदारच्या कॉम्प्युटरमध्ये राजूरचं एक घर दोन आठवडे उभं होतं, आणि त्याच्या छपराला देवघराच्या बरोबर वर भोक पडलेलं होतं. भोक चौकोनी, नीटस, सहा बाय पाच. वासे आढ्यावरून शिस्तीत उतरत यायचे आणि देवघराच्या काठाशी आले की चपला काढायला थांबल्यासारखे थांबायचे.

घर भालचंद्रकाकांचं. काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना आणि शैलाकाकूंना राजूरला लाकडी वाशांचं, उतरत्या छपराचं कौलारू घर हवं होतं. कारण शेजारचे सर्जेराव. सर्जेरावांनी गच्चीवर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी बसवली, आणि तेव्हापासून गावच्या गणपतीला आलेली माणसं आधी विमानाचा फोटो काढून मग दर्शनाला जाऊ लागली. काकूंचं म्हणणं एवढंच, "आपल्याला गच्चीच नको. म्हंजे ह्यांना उद्या रेल्वे बसवायची बुद्धी व्हायची न्हाई."

केदार जालन्यात मोंढ्याजवळच्या एका खोलीत बसून घरांचे नकाशे काढायचा. त्यानं आजवर काढलेली सगळी घरं वरून सपाट होती. आपल्याकडे माणूस स्लॅब टाकतो आणि कोपऱ्यांत सळया उघड्या ठेवतो, पुढेमागे मजला चढवायला. उतरतं छप्पर केदारनं याआधी एकदाच काढलं होतं, चौथीच्या चित्रकलेच्या वहीत. तेव्हा वासे दाखवायला कुणी सांगितलं नव्हतं. सॉफ्टवेअर मात्र सांगत होतं.

म्हणून त्यानं अबुबकरला बोलावलं.

अबुबकर आयटीआयचा दोस्त. दोघं एकाच बाकावर ड्राफ्ट्समन झालेले. तो शहागडला घरी बसून एका अमेरिकन कंपनीसाठी त्याच सॉफ्टवेअरवर लाकडी घरांची छपरं काढायचा. आजवर चारशे काढली होती. अबुबकरनं बर्फ पाहिलेला नव्हता, पण छपरावर किती बर्फ साचला की कुठला वासा वाकेल हे तो गोदावरीच्या पुलाकडे बघत सांगू शकायचा. गडी अतिशय गंभीर. त्यानं आयुष्यात एकच विनोद केला होता, आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला, आणि तोही नंतर मागे घेतला होता.

पहिल्या रविवारी तो दोन एसट्या करून आला. भोक बघून म्हणाला, "असं व्हायला न्हाई पायजे."

"होऊन राह्यलंय ना पण."

त्यानं सगळे वासे काढून परत घातले. दोन्ही पाखांचा उतार बदलला. छप्पर उचलून परत बसवलं. देवघरावर भोक तसंच. संध्याकाळी केदारनं काकांना फोन करून सांगितलं की अमेरिकेच्या सॉफ्टवेअरला देवघर समजत नाही. काकांनी ते देवळात सांगितलं. बुधवारपर्यंत राजूरमध्ये असं झालं होतं की अमेरिकेच्या कॉम्प्युटरनं देवावर छप्पर घालायला साफ नकार दिला, आणि दोन माणसं केदारनं पाठवलेली भोकाची प्रिंट बघायला काकांच्या घरी येऊन चहा पिऊन गेली.

दुसऱ्या रविवारी अबुबकर परत आला. दुपारपर्यंत मान मोडून बसला आणि आढं चार इंच वर घेऊन जोहरच्या नमाजला गेला. केदार रिकामा होता. नकाशात 'देवघर' या शब्दातला 'घ' जरा वाकडा दिसत होता, तो सरळ करायला म्हणून त्यानं त्या खोलीवर दोनदा टिचकी मारली. खोलीची सगळी माहिती उघडली. तिथं एक चौकट होती: या खोलीवर छप्पर. आणि चौकटीतली टिक काढून टाकलेली होती.

टिक कुणी काढली, हे केदारला लगेच आठवलं. पहिल्याच दिवशी शैलाकाकूंचा फोन आला होता. "हे बघ, देवघरावर काही म्हंजे काही नको. संडास नको, माळा नको, पाय ठेवायची जागा नको." केदारनं फोन खांद्याला दाबून, हो काकू, हो काकू म्हणत खोली उघडली होती आणि वर जे जे दिसलं ते ते काढून टाकलं होतं. आज्ञाधारकपणात छप्परही गेलं.

त्यानं टिक केली. वासे काठावरून उठून पुढं आले. भोक बुजलं.

जिना वाजला. अबुबकर आत आला आणि पडद्याकडं बघत उभा राहिला.

"झालं की," केदार म्हणाला.

"कशानं झालं?"

आता इथं केदारनं खरं सांगायला हवं होतं. पण दोन रविवार, आठ एसट्या, शिवाय सॉफ्टवेअरच्या मदत केंद्राला त्यानं स्वतः लिहिलेलं तीन पानी खरमरीत पत्र, हे सगळं त्याच्या जिभेवर येऊन बसलं.

"तू आढं चार इंच वर घेतलंस ना," तो म्हणाला. "त्यानं."

अबुबकर हसला. तो कधी हसायचा नाही, म्हणून केदारला ते बघवलं नाही. त्यानं खाली वाकून उगाच एक वायर तपासली.

दोन दिवसांनी फोन आला.

"केदार, मी एकेचाळीस घरं काढून पाह्यली. आढं चार इंच खाली, चार इंच वर. एकात बी भोक पडत न्हाई."

"मंग चांगलंय की."

"चांगलं कसं? चार इंचानं भोक बुजत असंल तर चार इंचानं पडत बी असंल. कारण न्हाई कळलं तर पुढचं छप्पर कोणत्या भरवशावर काढू?"

"यार, सॉफ्टवेअर आहे. होतं कधी कधी."

"छपराचं होत नसतं कधी कधी," अबुबकर म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी परत फोन. आवाज बसलेला. "मी कंपनीला कळवणार हाय. उद्या जुमा झाला की मेल टाकतो."

"काय कळवणार?"

"का माझी चारशे छपरं परत तपासा. मला छप्पर बराबर कळत न्हाई."

केदारला वाटलं, याचा दुसरा विनोद आला. पण पलीकडून काही हसण्याचा आवाज आला नाही. माणूस स्वतःच्या हातानं स्वतःची नोकरी घालवायला निघाला होता, आणि शुक्रवारच्या नमाजनंतरचा मुहूर्तही काढून बसला होता.

केदारचं वाक्य तयार होतं. चार शब्दांचं. टिक मीच काढली होती. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "जेवलास का?"

"न्हाई," अबुबकर म्हणाला.

शुक्रवारी केदारनं शहागडला जायला हवं होतं. तो राजूरला गेला. नकाशा दाखवायचा होता हे खरं, पण राजूर जालन्याच्या एका अंगाला आणि शहागड नेमकं दुसऱ्या, हेही खरं. आधी देवळात जाऊन त्यानं गणपतीला सगळं सांगितलं. मोकळं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. गणपतीला सांगण्यात काही जात नव्हतं. गणपतीनं कुठं मेल टाकायची नव्हती.

काकूंनी नकाशा मांडीवर घेतला, बुजलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"कोण रे तो, शहागडचा मुलगा? त्यानं बुजवलं ना?"

"हो काकू."

"त्याला वास्तुशांतीला आणायचं बरं का. आपल्या देवाच्या डोक्यावर छप्पर घातलं त्यानं. एवढं कोण करतं."

केदारनं घड्याळ पाहिलं. सव्वादोन. जुमा झाला होता. त्यानं खिशातून फोन काढला, परत ठेवला आणि काकूंनी पुढं केलेला लाडू खाल्ला. लाडू चांगला होता, याचंही त्याला वाईट वाटलं.

शनिवारी तो शहागडला उतरला. अबुबकरच्या दारात नूरबी, त्याची अम्मी, मेथी निवडत बसली होती.

"आव बेटा. अच्छा हुआ आए. इसकू समझाव जरा. चार रोज से छत कू देखता बैठा है. खाना बी नक्को बोलता."

आत अबुबकर खरंच आढ्याकडं बघत बसला होता. वर साधे पत्रे होते.

"मेल टाकलीस?" केदारनं उभ्या उभ्याच विचारलं.

"काल. सकाळी उत्तर आलं. तपासणी होईपर्यंत नवीन काम बंद. विचारून राह्यलेत, चूक काय सापडली ते सविस्तर लिहा. मला काय लिहावं कळंना."

"टिक मीच काढली होती."

"कसली टिक?"

केदारनं सांगितलं. काकूंचा फोन, खांदा, हो काकू, चौकट, सगळं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. अबुबकरनं लॅपटॉप ओढला, चार भिंती काढल्या, वर छप्पर घातलं आणि टिक काढली. भोक पडलं. टिक केली. बुजलं. असं त्यानं नऊ वेळा केलं.

त्याच्या चेहऱ्यावर राग यायच्या आधी सुटका आली. केदारनं एसटीत बसून रागाची सगळी तयारी केली होती, शिव्याही स्वतःच जोडून ठेवल्या होत्या. या सुटकेची काही तयारी नव्हती.

"मंग माझी छपरं बराबर हायेत."

"बिलकुल बराबर."

"अन् तुला कधी कळलं?"

"त्याच रविवारी. तू नमाजला गेल्तास तवा."

अबुबकरनं बोटांवर मोजलं. "तेरा दिवस," तो म्हणाला.

केदार लॅपटॉपसमोर बसला. "मी लिहितो उत्तर. सगळं लिहितो. माझ्या नावासकट."

मेल अबुबकरकडून जायची होती, तीही इंग्रजीत, आणि देवघर काही केल्या इंग्रजीत शिरेना. शेवटी केदारनं लिहिलं की घरात एक छोटी खोली आहे आणि तिच्यात राहणाऱ्यांच्या डोक्यावरून कुणी चालू नये अशी कुटुंबाची इच्छा होती.

अबुबकरनं वाचलं. "ते विचारतील, राहणारे किती जण?"

"काकूंकडं अकरा असतील. बाळकृष्ण धरून."

"सहा बाय पाचात अकरा," अबुबकर म्हणाला. "आकडा नको लिहू. दुसरीच चौकशी लागंल."

केदारनं पुढं लिहिलं, माझ्या मित्राकडून म्हणजे केदारकडून चुकून टिक काढली गेली आणि त्यानं ती गोष्ट सांगितली नाही.

"चुकून कुठवर?" अबुबकरनं विचारलं.

"टिक निघेपर्यंत."

"मंग चुकून तिथवरच ठेव. पुढं लिही, मुद्दाम."

केदारनं लिहिलं, मुद्दाम. इंग्रजीत त्याला बराच लांब शब्द होता, आणि तो एकदा चुकला म्हणून दोनदा लिहावा लागला.

"अन् ते मित्र काढ."

केदारनं मान वर केली. अबुबकर पडद्याकडंच बघत होता. आवाजात काही राग नव्हता. वाकडा वासा दाखवावा तसं त्यानं बोट ठेवलं होतं.

"मंग काय लिहू?"

"जालन्यातला एक ड्राफ्ट्समन. कंपनीला तेवढं पुरतं."

केदारनं खोडायला सुरुवात केली. इंग्रजीत सहा अक्षरं होती, एकेक करून गेली. अबुबकरनं मेल पहिल्यापासून परत वाचली, एक स्वल्पविराम टाकला आणि पाठवून दिली. मग बाहेर बघून, अम्मीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, तो म्हणाला की त्याला भूक लागली आहे.

केदार अजून खुर्चीतच होता.

"तुझी एसटी पावणेसहाला हाय," अबुबकर त्याला म्हणाला.

तेव्हा सव्वाचार वाजले होते.