तिला एकटीला विचारावं लागेल

मास्तरांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता, पण त्या दिवशी तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईंचा चष्मा काढावा आणि रस्त्यावर भिरकावून द्यावा, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. आणि मास्तर काही तापट माणूस नव्हेत. गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाला तापट होऊन परवडतच नाही. दिवसभर शेजारी बसून "क्लच दाबा, अहो क्लच!" म्हणायचं, समोरून ट्रक येत असला तरी आवाज चढवायचा नाही, असा तो धंदा. पण सरकारी खिडकीपुढे भल्याभल्यांची शांती संपते, तिथे मास्तरांची काय कथा!

"मुलगी बारा वर्षांची झाली ना हो तुमची," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या.

"झाली. मग?"

"मग आता तिला विचारावं लागेल. बारा पूर्ण झालेल्या मुलाला आमच्या मोठ्या बाई स्वतः आत बोलावून विचारतात. एकटीला. आई नाही, तुम्ही नाही. तसा नियमच आहे."

"अहो, पण अर्ज केला तेव्हा ती दहाची होती! दोन वर्षं खेटे तुम्हीच घालायला लावलेत!"

"मी कशाला लावू? तुमचे कागद अपुरे होते," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे बघू लागल्या.

आता हे प्रकरण मुळात काय होतं ते सांगायला हवं. भिंगरी ही मास्तरांच्या बायकोची पहिल्या लग्नाची मुलगी. एका जागी पाय ठरत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. शाळेच्या दाखल्यावर तिच्या नावापुढे पहिल्या बापाचं आडनाव होतं, आणि तो बाप तर केव्हाच दुसऱ्या शहरात निघून गेला होता. मास्तर घरात आले तेव्हापासून ती त्यांना काका म्हणायची, अजूनही काकाच म्हणते, आणि मास्तरांचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. त्यांना त्रास होता तो बाकीच्या जगाचा.

एकदा भिंगरी झोक्यावरून पडली आणि तिचा हात मोडला. बायको कामावर, म्हणून मास्तरच तिला उचलून दवाखान्यात घेऊन धावले. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "तुम्ही कोण?" मास्तर म्हणाले, "वडील." पोराने कागद पाहिला आणि म्हणाला, "आडनाव तर वेगळं दिसतंय. सही आईचीच लागेल." आई येईपर्यंत पोरगी आत कळवळत होती आणि हा धडधाकट माणूस बाहेर बाकावर नुसता हात चोळत बसला होता. तुम्ही कोण! तो प्रश्न मास्तरांच्या जिव्हारी लागला. पोरीला आपलं नाव लावायचं, पुन्हा कुणाची हा प्रश्न विचारायची छाती होता कामा नये, असं त्यांनी त्या बाकावरच ठरवलं.

ठरवणं सोपं असतं हो. आधी कळलं की लग्नाला तीन वर्षं पुरी झालेली पाहिजेत. ती व्हायला चार महिने बाकी होते, थांबले. मग कळलं की एकाच पत्त्यावर सलग वर्षभर राहिलेलं असलं पाहिजे. हे लोक त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरून खाली राहायला आले होते, कारण बायकोचे गुडघे दुखायचे. "पत्ता बदलला," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "अहो, जिना तोच, दार तेवढं बदललंय!" मास्तर म्हणाले. पण नाही. पुन्हा वर्षभर थांबा. मग नाव बदलणाऱ्यावर गुन्हा दाखल नसल्याचा पोलिसांचा दाखला हवा. भिंगरीला घेऊन मास्तर चौकीत गेले, तर हवालदार तिच्याकडे बघत म्हणाला, "काय गं, दरोडा घातलास का कुठे?" भिंगरी खो खो हसली. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला.

या सगळ्याच्या वरताण म्हणजे खऱ्या बापाची संमती. फोन तो उचलेना, निरोपाला उत्तर देईना. शेवटी मास्तर सुट्टी टाकून त्याच्या शहरात गेले. फरशांच्या एका मोठ्या दुकानात तो मॅनेजर होता. बाहेर आला, कागद वाचलासुद्धा नाही, शेजारच्या नोटरीच्या टेबलाशी उभ्या उभ्या सही ठोकली आणि एवढंच म्हणाला, "परत यावं लागणार नाही ना मला?" पोरगी कशी आहे, केवढी झाली, जिवंत तरी आहे का, एक अक्षर नाही! काम फत्ते झालं होतं, पण परतीच्या गाडीत मास्तरांच्या अंगाचा तिळपापड होत होता.

घरी पोचले तर दारात भिंगरी. "काका, बाबा भेटले? त्यांनी काय विचारलं?"

आता अशा वेळी माणसाने काय करावं? मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "विचारलं की! भिंगरी उंच झाली का म्हणाले. अजून नखं खाते का म्हणाले." पोरगी अशी काही खुलली की बास. बायकोला त्यांनी खरं काय ते स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. ती नुसती "हं" म्हणाली आणि भांडी जोरजोरात आपटत राहिली.

तर आता, एवढं सगळं जमवून आणल्यावर, भिंगरीला एकटीला आत बोलावणार होते. मास्तरांना चीड आली ती उशिराची. उत्तराची काळजी अशी नव्हती. पोहायला, सायकलला, दाताच्या डॉक्टरकडे, सगळीकडे ती त्यांचंच बोट धरून गेलेली. ती कशाला नाही म्हणेल?

मोठ्या बाईंनी तिला आत घेतलं. दार लागलं. मास्तर आणि बायको बाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. थोड्या वेळाने दार उघडलं, भिंगरी बाहेर येऊन बाकावर बसली आणि या दोघांना आत बोलावणं आलं.

"नाही म्हणाली," मोठ्या बाई म्हणाल्या. बाई वयाने मोठ्या, आवाज मऊ. मास्तरांना वाटलं, आपण ऐकण्यात चूक केली.

"नाही म्हणजे?"

"तुमच्याबद्दल भरभरून बोलली हो. पण म्हणाली, बाबांनी काकांजवळ माझी चौकशी केली होती. उंच झाले का, नखं खाते का, सगळं विचारलं. म्हणजे ते मला कधीतरी शोधायला येणार. शाळेत माझं नाव वेगळंच असलं तर त्यांना मी सापडणार कशी?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते बघणं काही प्रेमाचं नव्हतं.

मोठ्या बाईंनी पुढचं समजावून सांगितलं. नकार नोंदवला, तर भिंगरी सज्ञान होईपर्यंत दुसरा अर्ज करता येत नाही. अर्ज आजच मागे घेतला, तर नव्याने करता येतो, पण मग बापाची संमतीही नव्याने आणावी लागते. आणि ऑफिस बंद व्हायच्या आत मुलीचं मन बदललं, तर त्या तिला पुन्हा एकदा विचारायला तयार होत्या. "तुम्ही बोला तिच्याशी," त्या म्हणाल्या. "जबरदस्ती नको, पण बोला."

दाराबाहेर येताच बायकोने मास्तरांचा दंड धरला. "सांगून टाका तिला."

"काय सांगू?"

"खरं काय ते! त्याने एक अक्षर विचारलं नाही म्हणून सांगा. तुमच्या त्या थापेनेच घात केलाय. दोन वर्षं जिवाचं रान केलंत, सुट्ट्या घालवल्यात, आणि नाव कुणाचं राहणार? त्याचं? जो ढुंकून बघत नाही त्याचं?" तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते."

"थांब. मीच बोलतो," मास्तर म्हणाले.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. तेवढं बोललं की पोरगी आत जाईल, हो म्हणेल, आणि सगळ्या खिडक्यांचा हिशेब चुकता होईल. मास्तर बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसले. तोंड उघडणार, एवढ्यात तीच म्हणाली, "काका, रागावलात?"

"हो."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला? या ऑफिसवर. आणि माझ्यावर."

"तुम्ही काय केलं?"

वाक्य मास्तरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. भिंगरी त्यांच्याकडे टक लावून बघत होती, आणि तिचा चेहरा पडायच्या बेतात होता. "बाबांनी खरंच विचारलं होतं ना?" तिने हळूच विचारलं.

"विचारलं होतं," मास्तर म्हणाले. "दोनदा विचारलं होतं."

ते उठले आणि बायकोकडे न बघता तडक तीन नंबरच्या खिडकीशी गेले. अर्ज मागे घ्यायचाय म्हणाले. चष्मेवाल्या बाईंनी सांगितलं की त्यालाही वेगळा अर्ज असतो, दोन प्रतींत, आणि कारण लिहावं लागतं. मास्तरांना वाटलं, आता आपण या काउंटरवर डोकं आपटून घ्यावं. पण त्यांनी मुकाट्याने दोन्ही प्रती भरल्या. कारणाच्या रकान्यात लिहिलं, सध्या गरज नाही.

"एवढं सगळं करून?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"एवढं सगळं करून," मास्तर म्हणाले.

बायको रागाने केव्हाच पुढे निघाली होती. मास्तर आणि भिंगरी मागून जिना उतरू लागले.

"काका, तुम्ही बाबांकडे परत कधी जाणार?"

"का गं?"

"गेलात तर त्यांना सांगा, मला आता खोल पाण्यात पोहता येतं. न धरता."

"सांगतो."

"आणि कुणी शिकवलं म्हणून विचारलं," भिंगरी एक एक पायरी उडी मारून उतरत म्हणाली, "तर तुमचं नाव सांगा हं."

"सांगेन," मास्तर म्हणाले, आणि तिच्या मागोमाग त्यांनीही शेवटची पायरी उडी मारून उतरली.