चर्चच्या भिंतीवरची रेघ

मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी बोर्गोरीवाच्या चौकातला कॅमेरा बंद पडला. तेव्हा पाणी चर्चच्या पायऱ्यांना लागलं होतं. कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या खोलीत, आकाराम चव्हाण मोबाईलवर ते एकटेच पाहत होते.

बोर्गोरीवा हे उत्तर इटलीतलं, नदीकाठचं चार हजार वस्तीचं गाव. तिथली नगरपालिका चौकातलं दृश्य सतत इंटरनेटवर दाखवते. आकारामांचा मुलगा ऋतुराज तिथं तीन वर्षं गाईंच्या गोठ्यावर कामाला आहे. दर रविवारी तो फोन धरून वडिलांना गाव फिरवायचा. सातशे वर्षांचा घड्याळाचा मनोरा. दगडी कमानी, जिथं पूर्वी रेशमाच्या कोषांचा बाजार भरायचा. चर्चच्या भिंतीवर कोरलेल्या जुन्या पुरांच्या रेघा. सगळ्यात वरची १८०१ची. दर काही वर्षांनी पुरात बुडणाऱ्या शिरोळात जन्म गेलेल्या आकारामांना मनोऱ्यापेक्षा रेघाच बघायच्या असत.

सोमवारी दुपारी ऋतुराजचा फोन आला होता.

"आबा, नदी फुगलीया. मालक म्हणतोय, समदी टेकडीवर चला."

"आन् जनावरं?"

"त्याचं तो बघंल की."

"पयलं जनावरं सोडायची, मग आपण निघायचं. तीन वर्सांत इसरलास व्हय?"

"हितं दावी न्हाईत, आबा. लोखंडी फाटकं हायत."

"मग फाटकं उघड की."

त्यानंतर फोन लागलेला नाही.

बुधवारी आकाराम नेहमीप्रमाणे गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावर गेले. पंक्चरवाले इलाही आधीच येऊन बसले होते. समोर म्हशीची धार काढणं चाललं होतं.

"काय आकाराम, तुझ्या मनोऱ्यात वाजलं किती?" ही रोजची थट्टा.

आकारामांनी हातातला पेला तसाच खाली ठेवला.

"पोचला असंल रं टेकडीवर. फोनचं टॉवर पडलं असत्याल," इलाही म्हणाले.

"मीच म्हटलं, फाटकं उघड."

पेल्यातला फेस बसला.

गुरुवारी दुपारी एक चाळीसला कॅमेरा सुरू झाला. पाणी १८०१च्या रेघेखाली वीतभर होतं. मनोऱ्यावरचं घड्याळ बंद होतं. चर्चच्या वरच्या ओट्यावर, एकमेकींना खेटून, अकरा गाई उभ्या होत्या. आकारामांनी त्या दोनदा मोजल्या. फाटकं कुणीतरी उघडली होती. चौकात माणूस दिसत नव्हतं.

'कुठं हायस?' हा मेसेज त्यांनी मंगळवारी पाठवला होता. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत त्याखाली पाठवल्याची एकच टिक होती; पोचल्याची दुसरी उमटली नव्हती.